गोळी लागून वाचलेले

जुने नोकरीवाले भेटले की पहिली दहा मिनिटं बीपी, शुगर आणि पोरांच्या ॲडमिशन यांत जातात. मग कुणीतरी म्हणतं, "ते आठवतंय का रे?" आणि संपलं! चहा गार होतो, बायका दोनदा आवाज देऊन जातात, पण गडी काही उठत नाहीत. किस्सा घडत असताना तो किस्सा आहे हे कुणाला कळत नाही. त्या वेळी आपण एकतर घाबरलेले असतो, नाहीतर साहेबाच्या शिव्या खात असतो. तो मुरतो नंतर, लोणच्यासारखा. माझ्या बरणीतल्या काही किश्श्यांची मात्र पंचाईत आहे. मी ते हसत हसत सुरू करतो आणि शेवटी कुणीच हसत नाही. बसलाच आहात तर ऐका.

नव्वदीच्या शेवटाचा काळ. मुरबाडहून शहापूरला जाणाऱ्या रस्त्याला माळावर एक बंद पडलेली पोल्ट्री होती. एका कंपनीनं ती घेतली, फरशा बसवल्या, एसी लावले आणि जनावरांच्या लसीचा रिसर्च सुरू केला. आम्ही माणसं चौघंच. मॅडम म्हणजे आमच्या सायंटिस्ट. त्या लोकलनं आसनगावला उतरायच्या आणि तिथून सदू ड्रायव्हर त्यांना जीपमधून आणायचा. सदू धसईचा, तोंडाचा पट्टा अखंड चालू. मी मुरबाडचा, बीएस्सी, लॅब टेक्निशियन, सगळ्यांचा दिलीपभाऊ. चौथा काशिनाथ, डोळखांबकडच्या एका पाड्यावरचा. उंदीर आणि ससे सांभाळायचं काम त्याच्याकडे होतं. चाळिशीचा, काटक आणि बोलायला कंजूस. पण त्यानं पिंजऱ्यात हात घातला की उंदीर आपण होऊन तळव्यावर यायचे. आम्हाला मात्र चावायचे!

*

एक दिवस परदेशातून खोका आला. त्यात बंदूक.

दिसायला ती सुताराच्या ड्रिल मशीनसारखी होती. मागं हेलियम गॅसची नळी, पुढं छोटं तोंड. सोन्याची इतकी बारीक भुकटी घ्यायची की केसाच्या जाडीत साठ-सत्तर कण मावावेत. त्या कणांना जीन चिकटवायचा आणि ते काडतुसात भरायचे. जीन म्हणजे पेशीला दिलेली चिठ्ठी समजा, 'अमुक बनव' म्हणून सांगणारी. मग उंदराच्या पोटाचे नाहीतर सशाच्या पाठीचे केस काढायचे, बंदुकीचं तोंड टेकवायचं आणि घोडा दाबायचा. ठक्! सोन्याचे कण गोळीच्या वेगानं कातडीतल्या जिवंत पेशींच्या आत जातात, चिठ्ठी आत राहते आणि पेशी मुकाट्यानं ती वाचून कामाला लागते. प्राण्याला टिचकी मारल्याइतकंच कळतं.

सदूनं हे धसईच्या बाजारात सांगितलं. म्हणजे त्यानं एवढंच सांगितलं की "आमच्या लॅबमधी बंदूक आली." तिसऱ्या दिवशी हवालदार दारात! लायसन दाखवा म्हणे.

मॅडमनी शांतपणे बंदूक टेबलावर ठेवली. हवालदारानं ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "मारते किती लांब?"

"मारत नाही," मॅडम म्हणाल्या. "ही कुणाला मारत नाही. ही फक्त जिवंत शरीरात जाते आणि दुसऱ्याचं काहीतरी आत ठेवून येते."

हवालदारानं बंदूक हळूच खाली ठेवली, हात पँटला पुसले आणि टोपी घातली.

"मॅडम," तो म्हणाला, "मग त्यापरीस मारनारी बरी!"

*

काम जमलंय की नाही हे कळावं म्हणून मॅडम आधी एका जेलीफिशचा जीन वापरायच्या. ही जेलीफिश समुद्रात हिरवी चमकते. तिची चिठ्ठी उंदराच्या कातडीत गेली, की निळ्या उजेडाखाली त्या जागी हिरवे ठिपके चमकतात. साध्या डोळ्यांना काही दिसत नाही, त्यासाठी नारिंगी काचांचा गॉगल लावावा लागतो. पोल्ट्रीतली पिल्लं उबवायची खोली आम्ही काळं कापड लावून अंधारी केली होती. बाहेर टळटळीत दुपार आणि आत पाय कुठं ठेवला ते दिसू नये असा काळोख.

पहिला उंदीर बघायला चौघंही आत गेलो. मॅडमनी निळा दिवा लावला आणि गॉगल एकेकाकडे फिरवला. माझी पाळी आली तेव्हा माझ्या अंगावर शहारा आला, खोटं का बोलू? काळोखात उंदीर दिसतच नव्हता. नुसते हिरवे ठिपके हवेत होते आणि ते श्वास घेत होते. वर, खाली. वर, खाली.

सदूनं गॉगल लावला आणि "आई गो!" म्हणून जो बाहेर पळाला तो थेट जीपमध्ये जाऊन बसला.

काशिनाथ मात्र खूप वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "ह्ये चमकतंय ते कुनाचं, मॅडम?"

"समुद्रातल्या एका जेलीफिशचं."

"ती कुठं हाय आता?"

"ती केव्हाच मेली असेल, काशिनाथ. किती वर्षांपूर्वीची गोष्ट ती."

"बरं," काशिनाथ म्हणाला. त्यानं गॉगल काढून मॅडमच्या हातात दिला. "मग आता ह्यो बघतोय कोन?"

*

काशिनाथची एक सवय होती. उंदीर त्यानं धरायचा, मी घोडा दाबायचा, ठक् झालं की तो लगेच वाटीतल्या पाण्यात बोट बुडवून उंदराच्या तोंडाला लावायचा. मॅडमनी दोनचारदा हटकलं, मग सोडून दिलं. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाला, "आमचा आजा शिकारी व्हता. गोळी लागली त्याला पानी पाजायचं. वैरी असला तरी पाजायचं."

हे मला आवडलं होतं. पण त्याच्या आजाचा नियम एवढाच नव्हता.

एका सोमवारी तीन ससे कमी भरले. त्यांचं काम संपलं होतं, त्या आठवड्यात त्यांना इंजेक्शन देऊन संपवायचं होतं. पिंजऱ्याचं दार नीट लावलेलं, कडी घातलेली, आत ससे नाहीत! मॅडमनी विचारलं तसं काशिनाथनं एका दमात सांगून टाकलं, "मी सोडलं. मागं, करवंदीच्या जाळीत."

मॅडम असल्या भडकल्या की विचारू नका. असले प्राणी बाहेर सोडायचे नसतात, कायदा आहे, माझी नोकरी जाईल, तुझी जाईल! काशिनाथनं सगळं ऐकून घेतलं.

"आमच्यात गोळी लागून जो वाचला त्यो रानाचा," तो म्हणाला. "त्याला परत मारायचा नाय. बांधायचा नाय. घराच्या आत घ्यायचा नाय. त्यो रानाचा झाला."

"अरे, ती गोळी नाही रे! सोनं आहे सोनं!"

"सोन्याची गोळी ती गोळीच ना, मॅडम?"

शेवटी तोड निघाली. त्यानं सोडायचे नाहीत आणि संपवायचं काम त्यानं करायचं नाही, ते मी करायचं. मला काय, मी सायन्सचा माणूस. पुढची तीन-चार वर्षं ते मीच केलं. त्या वेळी काशिनाथ उठून फाटकापाशी जाऊन उभा राहायचा.

"भाऊ," तो मला पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "माझ्यादेखत करू नका. कुनी इचारलं तर मला खोटं बोलता येनार नाय."

"कोण विचारणार आहे रे तुला?"

त्यानं नुसतं मागच्या डोंगराकडं बघितलं.

*

मुंबईहून कंपनीचे मोठे साहेब पाहणीला आले. बूट चकचकीत, बोलणं इंग्रजीत, हसणं मोजकं. त्यांना दाखवायला आम्ही अकरा ससे तयार ठेवले. नऊ सशांच्या कातडीत जेलीफिशचा जीन मारलेला होता. दोघांना नुसतंच सोनं, जीन नाही. तुलनेसाठी असे कोरे ठेवावे लागतात.

साहेब अंधाऱ्या खोलीत दहा मिनिटं होते. बाहेर आले ते खूष. "व्हेरी गुड! अकराच्या अकरा!"

मॅडमचा चेहरा पडला. आम्ही दोघं परत आत गेलो, बघतो तर खरंच की! कोऱ्या दोघांच्या पाठीवरही हिरवे ठिपके होते. मॅडमनी माझ्याकडं असं पाहिलं की मला तिथंच जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. मी काडतुसं बदलली असणार, मी लेबलं चुकवली असणार! मी सगळी काडतुसं, सगळ्या बाटल्या तपासल्या. एकही चुकलेली नव्हती. मॅडमनी वहीत लिहिलं, 'हाताळणीत चूक, दिलीप.' आजही माझा त्या ओळीवर राग आहे.

संध्याकाळी काशिनाथ पाला घालत होता. त्याला मी माझं दुःख सांगितलं.

"भाऊ, तुमी कशाला वाईट वाटून घेता?" तो म्हणाला. "एका पिंजऱ्यात ऱ्हातात ती. एकमेकाला सांगत नसतील काय?"

*

आमच्या लॅबवर टायगर नावाचा एक कुत्रा होता. नाव मोठं आणि लक्षण त्याहून मोठं. शेळी दिसो, एसटी दिसो, पोस्टमन दिसो, हा मागं लागणारच. घुशी मारण्यात तर त्याचा हात कुणी धरला नसता.

चैत्रातली दुपार. काशिनाथनं ते तीन ससे सोडले त्याला वर्ष होऊन गेलेलं. मी आणि सदू मागच्या ओढ्याकडे आंबे पडलेत का बघायला गेलो. टायगर पुढं. आणि करवंदीच्या जाळीबाहेर उघड्यावर एक पांढराशुभ्र ससा बसलेला.

पिंजऱ्यातला ससा रानात आठवडाभर टिकत नाही. कोल्हे आहेत, मुंगूस आहेत, वर घारी आहेत. हा वर्षभर टिकला होता आणि गुबगुबीत होता. त्याच्या पाठीवर आम्ही केस काढले होते तो चौकोन तसाच उघडा होता. केस महिन्याभरात परत येतात हो! इथं वर्षानंतरही कातडी गुळगुळीत.

टायगर धावला. सशापासून हातभर अंतरावर थांबला. त्यानं वास घेतला, शेपूट खाली घातली आणि परत येऊन माझ्या पायांमागे बसला.

सदूचं तोंड पहिल्यांदाच बंद झालेलं मी पाहिलं. मग त्यानं हळूच विचारलं, "दिलप्या, त्यो आपल्याकडं बघतोय काय रे?"

मी म्हटलं, "वेड्या, सशाचे डोळे दोन बाजूंना असतात. तो समोर असा बघूच शकत नाही."

"ते म्हाईत हाय मला," सदू म्हणाला. "म्हनून तर इचारतोय."

*

आता जो किस्सा सांगतोय तो माझ्या हातून घडला. ते कबूल करूनच सांगतो.

नवीन काडतूस भरायच्या आधी आम्ही बंदूक एकदा रिकामी उडवायचो, नळी साफ व्हावी म्हणून. त्या दिवशी काशिनाथ उंदीर धरून बसला होता, मी त्याच्याकडे पाठ करून रिकामी उडवली. ठक्! मग काडतूस भरलं, वळलो, बंदुकीचं तोंड उंदराच्या पोटाकडं नेलं आणि सवयीनं घोडा दाबला.

पण काशिनाथला पहिलाच ठक् खरा वाटला होता. गोळी लागली म्हटल्यावर पाणी पाजायला उशीर करायचा नाही, हे त्याच्या रक्तातलं. त्यानं बोट भिजवून उंदराच्या तोंडाकडं नेलं. मी दाबलं त्या क्षणी त्याचं मनगट मध्ये होतं.

लागलं काहीच नाही. मनगटाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा लाल डाग. मॅडमनी धुतलं, औषध लावलं, डॉक्टरांना फोन केला. "अरे, कातडीच्या वरच्या थरातलं आहे ते. पंधरा दिवसांत ती कातडी झडून जाते. नवीन येते. त्या जीनचं नावनिशाण राहत नाही," त्यांनी त्याला तीनतीनदा समजावलं. काशिनाथ "हो मॅडम, हो मॅडम" करत राहिला.

तिसऱ्या दिवशी तो आपण होऊन म्हणाला, "मला बघायचं हाय."

अंधाऱ्या खोलीत आम्ही दोघंच गेलो. मी निळा दिवा त्याच्या मनगटावर धरला. गॉगल त्याच्या डोळ्यांवर होता म्हणून मला काही दिसत नव्हतं, फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता. आधी जोरात, मग हळू, मग अगदी शांत.

"भाऊ," काळोखातून आवाज आला, "पानी द्या."

मी बाटली शोधायला लागलो.

"तसं नाय," तो म्हणाला. "बोटानं."

मी दिलं. काय करणार होतो? पाण्यात बोट बुडवलं, चाचपडत त्याच्या ओठांना लावलं. काळोखात अर्धं पाणी त्याच्या हनुवटीवर सांडलं. माझी चूक, त्याचं मनगट, आणि मीच त्याला पाणी पाजत होतो. त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला, पिंजऱ्यांसमोरून एक चक्कर मारली आणि फाटकातून निघून गेला. परत कामावर आला नाही.

*

दोन महिन्यांनी त्याची बायको आली. भीमी तिचं नाव. पाड्यावरून डोळखांबपर्यंत चालत, तिथून मिळेल त्या जीपनं. ठेंगणी, तरतरीत बाई. आत यायला तयार होईना, पायरीवरच बसली.

"घरात येत नाय त्यो," तिनं सरळ सांगितलं. "खळ्यात झोपतो, उन्हातान्हात तिथंच बसतो. भाकर दिली तर हात लांब करून घेतो. म्हनतो, मी रानाचा झालो. रानाच्याला घरात घेत नाय, गो. हट्ट करू नको."

"कामावर तरी का येत नाही?"

"तुमी बांधून ठेवाल म्हनतो. नायतर मारून टाकाल."

 संपवायचं काम कोण करायचं हे त्याला माहीत होतंच की.

"त्याचं सोडा," भीमी म्हणाली. "पोरीचं लगीन हाय. आमच्यात लग्नाआधी बापानं घरातल्या देवापुढं पोरीला हळद लावायची. त्यो उंबऱ्याच्या आत आला नाय तर हळद कशी लागायची? पोरगी म्हनते, बा नसंल तर मी उभीच ऱ्हानार नाय." ती रडली नाही. तिनं माझ्याकडं बोट दाखवलं. "तुमच्या हातनं झालंय, भाऊ. तुमीच सोडवा त्याला."

मॅडम आतून सगळं ऐकत होत्या. त्यांनी निळा दिवा आणला, बॅटरीवर चालणारा छोटा, आणि गॉगल माझ्या हातात ठेवला. "जा," त्या म्हणाल्या. "दोन महिने झालेत. कातडी चारदा बदलली असेल. त्याला दाखव आणि सोडव रे."

*

तर हा शेवटचा.

डोळखांबला उतरून पाड्यापर्यंत मी चालत गेलो. दुपारचे बारा. कुडाची वीस-बावीस घरं, मध्ये नाचणी झोडायचं खळं, आणि खळ्याच्या कडेला काशिनाथ बसलेला. दाढी वाढलेली, पण डोळे स्वच्छ होते. मला बघून तो उठला नाही, पळालाही नाही.

"बांधायला आलासा, भाऊ?" त्यानं विचारलं. कामावर असतानाच्या सुरात, जणू पाला संपला सांगतोय.

"दाखवायला आलोय."

भीमीनं दोन जाड गोधड्या आणल्या. आम्ही त्या डोक्यावरून घेतल्या, आत काळोख केला. आत घामाचा आणि राखेचा वास. मी गॉगल लावला, दिवा पेटवला आणि त्याच्या मनगटावर धरला. 

काही नव्हतं! नुसतं काळं मनगट. मी फिरवून बघितलं, कोपरापर्यंत बघितलं, दुसरा हात बघितला. काही म्हणजे काही नाही.

गॉगल त्याला दिला. तो खूप वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "दिवा जळतोय ना?"

"जळतोय."

"हिला बघू द्या."

भीमी गोधडीत शिरली. तिनं गॉगल लावला, त्याचा हात आपल्या हातात घेतला आणि भाकरीसाठी नाचणी निवडावी तसं बोटबोट, नखनख तपासलं. "नाय," ती म्हणाली. मग मोठ्यानं म्हणाली, "नाय गो बाई, काय नाय!" आणि तिनं गोधडी फेकून दिली.

काशिनाथ उठला. घरापर्यंतची वीस पावलं चालायला त्याला किती वेळ लागला सांगू? उंबऱ्यापाशी थांबला. भीमीनं त्याच्या पायांवर पाणी घातलं. त्यानं डोंगराकडं एकदा वळून बघितलं, मान खाली घातली आणि आत गेला. आतून पोरीचा हुंदका आला, आणि पाठोपाठ त्याचा. मी खळ्यात उभा राहून रडलो. लाज नाही वाटत सांगायला. दोन महिने छातीवर धोंडा होता, तो उतरला.

थोड्या वेळानं भीमी पडवीत आली. गॉगल अजून तिच्या कपाळावर आणि दिवा हातात. काय खुलली होती बाई! "चला, भाऊ, आत चला. आज जेवूनच जायचं. उडदाचं घुटं केलंय, भाकऱ्या टाकते. पोरीला आशीर्वाद द्या."

मी पडवीत शिरलो. कुडाच्या भिंती, खाली उतरलेलं छप्पर, बाहेरच्या उन्हातून आल्यावर काही दिसत नव्हतं. मी खाली बसून वहाणा काढू लागलो. आतून काशिनाथ म्हणाला, "भाऊ आले काय?" कित्येक दिवसांनी त्याच्या आवाजात हसू होतं.

भीमीनं मजा म्हणून गॉगल डोळ्यांवर ओढला आणि दिवा लावला. स्वतःच्या हातावर धरला, हसली. कोपऱ्यातल्या कोंबडीवर धरला, भिंतीवर धरला. "काय तरी बाई तुमचं एकेक खूळ!" असं म्हणत तिनं तो माझ्यावर फिरवला.

मी वहाणेचा पट्टा सोडत होतो. तिचं हसणं थांबलं म्हणून वर बघितलं. निळा उजेड माझ्या हातांवर होता. तिनं तो हळूहळू वर नेला, दंडावरून, गळ्यावरून, तोंडावर आणला आणि तिथं धरून ठेवला. मला काही दिसत नव्हतं. गॉगल तिच्या डोळ्यांवर होता.

दिवा विझला. भीमीनं गॉगल काढला, पदरानं पुसला आणि दिव्यासकट दोन्ही हातांनी माझ्यापुढं खाली ठेवला. मला हात न लागू देता. मग ती मागं सरली आणि उंबऱ्यावर आडवी उभी राहिली.

"भाऊ," ती म्हणाली. आवाज अगदी मऊ होता, घरच्या माणसाशी बोलावं तसा. "तुमी भायेर खळ्यात बसा. भाकर मी तिकडंच आनून देते."